शिकागोचे पहिले महापौर विल्यम ऑग्डेन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विल्यम ऑग्डेन कोण होते?

विल्यम बटलर ऑग्डेन (१८०५–१८७७) हे अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शिकागो शहराचे पहिले महापौर. १८३७ ते १८३८ असे जेमतेम एक वर्ष त्यांनी हे पद सांभाळले, आणि खरे सांगायचे तर केवळ त्या एका वर्षासाठी त्यांचे नाव इतके टिकले नसते. त्यांचे महत्त्व आहे ते जमिनीचे व्यापारी, लोहमार्गांचे प्रवर्तक आणि लाकूड उद्योगाचे मालक म्हणून. सुमारे चार हजार वस्तीचे एक चिखलमय गाव चार दशकांत पाच लाखांच्या आसपासचे महानगर झाले, आणि या वाढीतील रस्ते, पूल, कालवा, रेल्वे, कारखाने, गटारे व गोदी यांपैकी बहुतेक प्रत्येक कामात कोठे ना कोठे ऑग्डेन यांचा पैसा किंवा त्यांची सही सापडते. शहराचे हित आणि स्वतःचा नफा हे दोन वेगळे हिशेब आहेत असे त्यांनी कधी मानलेले दिसत नाही. त्यांच्या चरित्रातील बहुतेक प्रश्न अखेर याच गोष्टीपाशी येऊन थांबतात.

त्यांचे बालपण आणि शिक्षण कसे झाले?

त्यांचा जन्म १५ जून १८०५ रोजी न्यूयॉर्क राज्याच्या डेलावेअर परगण्यातील वॉल्टन या गावी झाला. हा सगळा मुलूख तेव्हा दाट जंगलाचा होता आणि वडील अब्राहम ऑग्डेन यांचा व्यवसाय लाकडाचा व जमिनीचा होता. विल्यम यांना वकिलीचे शिक्षण घ्यायचे होते, परंतु पंधराव्या वर्षाच्या सुमारास वडील अंथरुणाला खिळले आणि घरचा सारा कारभार या मुलाच्या अंगावर पडला. त्यामुळे औपचारिक शिक्षण तेथेच संपले. आपला जन्म लाकडाच्या गिरणीशेजारी झाला, शिक्षण ओंडक्यांनी बांधलेल्या शाळेत झाले आणि चौदाव्या वर्षीच आपल्याला वाटू लागले की मनात आणले तर आपल्याला अशक्य असे काही नाही, असे ते पुढे थोड्या विनोदाने सांगत असत. विनोद बाजूला ठेवला, तरी जंगलाची किंमत उभ्या झाडांवरून ठरवणे, सीमा मोजणे, खरेदीखते करणे आणि मजुरांकडून काम करवून घेणे हे सारे त्यांनी विशीच्या आत शिकून घेतले होते, आणि शिकागोत त्यांना नेमके हेच उपयोगी पडले.

१८३४ मध्ये ते न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेले. न्यूयॉर्क आणि ईरी सरोवर यांना जोडणाऱ्या नियोजित लोहमार्गाला राज्याने आर्थिक साहाय्य द्यावे, अशी बाजू त्यांनी तेथे मांडली. रेल्वेचा ध्यास शिकागोत आल्यावर लागलेला नव्हता. तो तेथे जाण्याआधीपासूनचा होता.

ते शिकागोला का गेले?

मेहुण्याचा पैसा अडकला होता म्हणून. ऑग्डेन यांच्या बहिणीचे पती चार्ल्स बटलर हे न्यूयॉर्कचे वकील आणि गुंतवणूकदार होते. १८३३ मध्ये ते आपले सहकारी आर्थर ब्रॉन्सन यांच्याबरोबर पश्चिमेकडच्या प्रवासात शिकागोला जाऊन आले होते. मिशिगन सरोवराच्या काठी, नदीच्या मुखाशी असलेली ही जागा पुढे मोठे व्यापारी ठाणे होणार असा त्यांचा कयास होता. ब्रॉन्सन यांनी नदीच्या उत्तरेकडील एक मोठा पट्टा २०,००० डॉलरना घेतला आणि १८३५ मध्ये तोच पट्टा बटलर यांना १,००,००० डॉलरना विकला. किंमत पाचपट झाली होती, आणि मधल्या काळात त्या जमिनीवर एक खिळासुद्धा ठोकला गेला नव्हता. त्या वर्षांतील जमिनीचा सट्टा कोणत्या थराला गेला होता, याची कल्पना एवढ्यावरून यावी.

ही जमीन पाहण्यासाठी आणि विकण्यासाठी तीस वर्षांचे ऑग्डेन १८३५ च्या उन्हाळ्यात शिकागोला पोहोचले. पावसाने सगळीकडे पाणी साचलेले, चालताना पाय घोट्याच्या वर चिखलात रुतणारे, आणि वर झुडपांचे रान. ही खरेदी म्हणजे शुद्ध मूर्खपणा झाला, असे त्यांनी मेहुण्यांना कळवले. तक्रार केली तरी ते हात बांधून बसले नाहीत. त्यांनी पाण्याला वाट काढून दिली, रस्ते आखले, प्लॉट पाडले आणि लिलाव पुकारला. एकूण जमिनीच्या सुमारे एक तृतीयांश भागाच्या विक्रीतच खरेदीची सगळी रक्कम वसूल झाली. एवढे होऊनही या जागेला खरोखर काही किंमत आहे यावर त्यांचा लगेच विश्वास बसला नाही. लोक वेडे झाले आहेत असेच त्यांना वाटत होते. मत पालटले ते शिकागोच्या पश्चिमेला पसरलेली सुपीक गवताळ मैदाने त्यांनी स्वतः पाहिल्यावर. एवढ्या जमिनीत पिकणारे धान्य आज ना उद्या याच बंदरातून बाहेर जाणार, हे त्यांनी ओळखले आणि ते तेथेच राहिले.

ही जमीन मुळात कोणाची होती?

मिशिगन सरोवराच्या या काठावर पोटावाटोमी आणि त्यांचे मित्र असलेले इतर मूलनिवासी समाज राहत असत. शिकागो हे नावसुद्धा त्या परिसरातील भाषेतल्या रानटी लसणीच्या नावावरून आलेले आहे. १८३३ च्या शिकागो करारान्वये पोटावाटोमींना या प्रदेशातील आपल्या उरलेल्या जमिनी अमेरिकी सरकारच्या स्वाधीन करून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस निघून जाणे भाग पडले. १८३५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ऑग्डेन यांचे लिलाव चालू होते त्याच उन्हाळ्यात, त्यांच्या शेकडो योद्ध्यांनी गावातून अखेरचे युद्धनृत्य केले. या हकालपट्टीत ऑग्डेन यांचा थेट हात नव्हता. तथापि त्यांनी विकलेल्या प्लॉटना जी किंमत आली, तिच्यामागे हा करार उभा होता, आणि शिकागोची यशोगाथा सांगताना तो वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ते महापौर कसे झाले?

४ मार्च १८३७ रोजी शिकागोला शहराचा दर्जा मिळाला आणि २ मे रोजी पहिली निवडणूक झाली. ऑग्डेन डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार होते. त्यांच्यासमोर तेव्हाच्या प्रमुख विरोधी व्हिग पक्षाचे जॉन किन्झी उभे होते, आणि किन्झी घराणे हे शिकागोतील सर्वांत जुन्या गोऱ्या रहिवाशांपैकी एक होते. गावात येऊन दोन वर्षेही न झालेल्या माणसाने जुन्या घराण्याच्या वारसाला हरवले, याचे अनेकांना नवल वाटते. परंतु त्या गावातले बहुतेक मतदार स्वतःच नुकते आलेले होते. एकूण ७०६ मते पडली आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश ऑग्डेन यांना मिळाली. त्या उन्हाळ्यातील शिरगणतीनुसार शहराची लोकसंख्या ४,१७० होती.

मराठी वाचकाने येथे एक फरक लक्षात घ्यावा. महाराष्ट्रातील महानगरपालिकांचा महापौर नगरसेवक निवडतात आणि प्रशासनाच्या किल्ल्या आयुक्तांकडे असतात. शिकागोचा महापौर थेट मतदारांनी निवडलेला होता. मात्र त्याची मुदत एकच वर्षाची होती आणि तिजोरी जवळपास रिकामी होती, त्यामुळे थेट निवडून येऊनही त्याच्या हाती फारसे काही नव्हते. नगरपालिकेला स्वतःची इमारतही नव्हती. सभा ‘सलून बिल्डिंग’ नावाच्या भाड्याच्या इमारतीत भरत. या नावातील सलूनचा अर्थ दारूचा गुत्ता किंवा केशकर्तनालय असा नसून दिवाणखाना असा होता.

महापौर म्हणून त्यांनी नेमके काय केले?

त्यांना पद मिळाले त्याच महिन्यात अमेरिकेवर मोठे आर्थिक संकट कोसळले. १० मे १८३७ रोजी न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने-चांदी देणे बंद केले आणि त्या धक्क्याने उधारीवर उभा असलेला पश्चिमेकडचा जमिनीचा बाजार पत्त्यांच्या बंगल्यासारखा ढासळला. आदल्या वर्षी हजारो डॉलरना विकल्या गेलेल्या प्लॉटना गिऱ्हाईक मिळेना. शिकागोत जवळजवळ प्रत्येक जण कोणाचा तरी देणेकरी होता, आणि खुद्द महापौरही त्याला अपवाद नव्हते. आपली देणी फेडून मोकळे होण्यास त्यांना पुढे कित्येक वर्षे लागली.

या परिस्थितीत कर्जदारांची एक सभा भरली. न्यायालये काही काळ बंद ठेवावीत, वसुली थांबवावी आणि देणी स्थगित करावीत अशी मागणी तेथे जोरात होती. ऑग्डेन यांनी उठून तिला विरोध केला. अडचण झाकून ठेवा, धीर धरा, पण या कोवळ्या शहराच्या नावाला बट्टा लागू देऊ नका, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. सभेने मागणी सोडून दिली. त्यांचे चरित्रकार या प्रसंगाचे वर्णन मोठ्या कौतुकाने करतात आणि ते कौतुक अस्थानी नाही. मात्र पूर्वेकडील ज्या सावकारांची देणी बुडणार होती, त्यांतील काहींचे ऑग्डेन हे शिकागोतील मुखत्यार होते, हेही नमूद केले पाहिजे. त्यांचे तत्त्व खरे होते आणि त्यात त्यांचा स्वार्थही होता.

नगरपालिकेने राज्याच्या बँकेकडे कर्ज मागितले, ते मिळाले नाही. तेव्हा करभरणीत स्वीकारता येतील अशा छोट्या रकमांच्या चिठ्ठ्या काढून काम भागवण्यात आले. याखेरीज त्या वर्षातले सांगण्यासारखे थोडेच आहे. पुढे १८४० आणि १८४७ मध्ये ते नगरसेवकही झाले. नदीवरचा एक फिरता पूल त्यांच्या आराखड्यानुसार उभा राहिला, आणि रस्ते तर त्यांनी स्वतःच्या खर्चाने इतके काढले की उत्तर व पश्चिम भागांत मिळून आपण जवळपास शंभर मैल रस्ते तयार केले असे ते सांगत. त्या रस्त्यांच्या दुतर्फा बहुतेक ठिकाणी त्यांचेच किंवा त्यांच्या अशिलांचे प्लॉट होते, हे ओघानेच आले.

इलिनॉय–मिशिगन कालव्याशी त्यांचा काय संबंध होता?

मिशिगन सरोवर आणि मिसिसिपीला मिळणारी इलिनॉय नदी यांना जोडणारा ९६ मैलांचा हा कालवा ४ जुलै १८३६ रोजी सुरू झाला, आणि शिकागोतील जमिनीचे भाव मुळात चढले होते ते या कालव्याच्या आशेवर. १८४२ पर्यंत इलिनॉय राज्य दिवाळखोरीच्या काठावर आले आणि खोदाई थांबली. तेव्हा ऑग्डेन, ब्रॉन्सन आणि जस्टिन बटरफील्ड व आयझॅक आर्नल्ड हे दोन वकील यांनी एक तोडगा काढला. कर्जरोख्यांच्या धारकांनी काम पुरे करण्यासाठी आणखी १६ लाख डॉलर द्यावेत आणि त्या बदल्यात कालवा, त्याच्या जमिनी व त्याचे उत्पन्न त्यांच्याकडे तारण राहावे, असा तो तोडगा होता. अर्धवट कालव्याला कवडीचीही किंमत नसते, पूर्ण झालेला कालवा मात्र कर्ज फेडू शकतो, हा साधा हिशेब धनकोंना पटला आणि १८४८ च्या एप्रिलमध्ये कालवा खुला झाला.

शिकागोची पहिली रेल्वे त्यांनीच सुरू केली का?

होय, आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम कोणते असे विचारल्यास प्रस्तुत लेखकाचे उत्तर हेच असेल.

शिकागोपासून वायव्येला, मिसिसिपीजवळ गलीना नावाचे शिशाच्या खाणींचे भरभराटलेले गाव होते. ‘गलीना अँड शिकागो युनियन’ या रेल्वे कंपनीला १८३६ मध्येच सनद मिळाली होती, पण संकटामुळे ती कागदावरच राहिली. १८४६ च्या जानेवारीत रॉकफर्ड येथे शेतकरी व व्यापारी यांची परिषद भरून योजनेचे पुनरुज्जीवन झाले आणि पुढील वर्षी ऑग्डेन कंपनीचे अध्यक्ष झाले. पूर्वेकडील भांडवलदारांनी हात आखडता घेतला. आधी तुमच्या लोकांचा पैसा घाला, मग पाहू, असा त्यांचा सूर होता. शिकागोतील दुकानदारांचा तर विरोधच होता. शेतकरी गाड्या भरून गहू घेऊन शहरात येत, दोन दिवस मुक्काम करीत आणि परतताना साखर, कापड, खिळे घेऊन जात. रेल्वे आली की धान्य एकटेच येईल आणि शेतकरी वाटेतल्या गावांतच खरेदी करील, ही भीती त्यांना होती.

तेव्हा ऑग्डेन आणि त्यांचे सहकारी वकील यंग स्कॅमन घोडागाडीतून नियोजित मार्गावर गावोगाव फिरले. शाळांत, चर्चमध्ये, शेताच्या बांधावर सभा घेत त्यांनी शेतकऱ्यांना समभाग विकले. थोडी रक्कम आगाऊ आणि बाकीची हप्त्यांनी. अनेक शेतकऱ्यांच्या बायकांनी लोणी-अंड्यांच्या विक्रीतून साठवलेले पैसे यात घातल्याचे सांगितले जाते. पावसाळी चिखलात गव्हाच्या गाड्या ओढण्याचा अनुभव असलेल्यांना रेल्वेचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

पैसा तरीही अपुराच होता, म्हणून सगळा संसार जुन्या बाजारातला घेण्यात आला. रूळ म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ठोकलेल्या, दुसऱ्या कंपनीने काढून टाकलेल्या लोखंडी पट्ट्या होत्या. ‘पायोनियर’ नावाचे इंजिनही वापरलेलेच होते. ते जहाजातून १० ऑक्टोबर १८४८ रोजी शिकागोत उतरले आणि २५ ऑक्टोबरला त्याने पहिली फेरी केली. परतताना वाटेत भेटलेल्या एका शेतकऱ्याचा गहू गाडीत चढवून शहरात आणण्यात आला. त्या दिवशी रूळ शहराबाहेर जेमतेम काही मैलच गेलेले होते. १८५० मध्ये ते एल्जिनला आणि १८५३ मध्ये फ्रीपोर्टला पोहोचले. कंपनी लवकरच भरघोस लाभांश देऊ लागली, आणि आधी हात आखडणारे पूर्वेकडील भांडवलदार आपणहून दारात येऊ लागले.

ती रेल्वे अखेर गलीनाला पोहोचली का?

नाही. गलीनाला जाण्याचा शेवटचा टप्पा इलिनॉय सेंट्रल कंपनीने बांधला. मूळ कंपनी १८६४ मध्ये ‘शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न’मध्ये विलीन झाली, आणि त्या कंपनीचेही १८५९ ते १८६८ या काळात अध्यक्ष ऑग्डेनच होते. तोवर गलीनाच्या खाणी ओसरू लागल्या होत्या.

कापणी यंत्राच्या कारखान्याची हकीकत काय आहे?

सायरस मॅकॉर्मिक हे व्हर्जिनियाचे. घोड्यांनी ओढायच्या कापणी यंत्राचे एकस्व (पेटंट) त्यांनी १८३४ मध्ये घेतले होते, परंतु डोंगराळ पूर्वेत त्याला मर्यादित मागणी होती. १८४७ मध्ये ते सपाट, अफाट शेतांच्या जवळ कारखाना काढण्यासाठी शिकागोला आले आणि पुढच्या वर्षाच्या सुमारास ऑग्डेन यांनी २५,००० डॉलर देऊन त्यात निम्मी भागी घेतली. हे दोन हेकट स्वभावाचे मालक एका छपराखाली फार दिवस राहणे कठीण होते. १८४९ मध्ये मॅकॉर्मिक यांनी ५०,००० डॉलर देऊन ऑग्डेन यांची भागी सोडवून घेतली. अल्प काळात दुप्पट पैसे झाले, पण खरी मिळकत वेगळीच होती: शेतकऱ्याची कापणी झपाट्याने होऊ लागली की गहू वाढतो, गहू वाढला की रेल्वेला माल मिळतो आणि रेल्वेचा माल उतरला की शहरातील जमिनीचे भाव चढतात. या साखळीच्या प्रत्येक कडीत ऑग्डेन यांचा पैसा गुंतलेला होता.

त्यांच्यावर टीका झाली ती कोणत्या कारणांवरून?

सर्वांत गाजलेले प्रकरण ‘सँड्स’ या वस्तीचे. नदीच्या मुखाच्या उत्तरेला सरोवराच्या वाळूवर गुत्ते, जुगाराचे अड्डे आणि कुंटणखाने यांची एक वस्ती उभी राहिली होती. जमिनीच्या मालकीचे वाद न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळत होते. ऑग्डेन यांनी काही दावेदारांचे हक्क विकत घेतले आणि तेथे राहणाऱ्यांना जागा सोडण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला. २० एप्रिल १८५७ रोजी तत्कालीन महापौर जॉन वेंटवर्थ पोलिसांसह तेथे गेले, घरे व झोपड्या पाडण्यात आल्या आणि उरलेल्यांपैकी काही त्याच दिवशी आगीत भस्म झाल्या. शहराने सुटकेचा निःश्वास टाकला, तेथल्या स्त्रिया व पुरुष इतर मोहल्ल्यांत पांगले आणि ऑग्डेन यांना मोकळी जागा मिळाली. त्याच वर्षी त्यांनी ‘शिकागो डॉक अँड कॅनाल’ कंपनी स्थापन केली व त्याच परिसरात गोदीचा मोठा व्यवसाय उभा राहिला. वस्ती बदनाम होती हे खरे. पण सरकारी बळाचा वापर होऊन लाभ मात्र एका खासगी मालकाच्या पदरात पडला, हेही तितकेच खरे आहे.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॉलऱ्याच्या साथींनी शहर हैराण झाले असताना १८५५ मध्ये मलनिस्सारण मंडळ स्थापन झाले, ऑग्डेन त्याचे सदस्य होते आणि या मंडळाने बोस्टनहून एलिस चेसब्रो या अभियंत्याला आणले. जमीन इतकी सपाट होती की गटारांना उतारच मिळेना. म्हणून गटारे रस्त्यांवर बांधून त्यांच्यावर भर घालण्यात आली, आणि मग घरेदेखील जॅक लावून उचलावी लागली. रश वैद्यकीय महाविद्यालयासाठीही ऑग्डेन यांनी जमीन दिली होती.

युनियन पॅसिफिक रेल्वेचे ते अध्यक्ष होते का?

होते, पण नामधारी आणि थोडा काळ. १ जुलै १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत लोहमार्ग नेण्यासाठीच्या पॅसिफिक रेल्वे कायद्यावर स्वाक्षरी केल्यानंतर सप्टेंबरमध्ये शिकागोत या कायद्याने नेमलेल्या आयुक्तांची बैठक होऊन ऑग्डेन यांची अध्यक्षपदी निवड झाली. यादवी युद्धाच्या काळात समभागांना गिऱ्हाईक मिळाले नाही, आणि १८६३ मध्ये जॉन डिक्स त्यांच्या जागी आले. १८६९ मध्ये हा मार्ग पुरा झाला, तेव्हा ऑग्डेन यांचा त्याच्याशी संबंध उरला नव्हता.

युटा राज्यातील ऑग्डेन शहराला त्यांचेच नाव दिले आहे ना?

नाही. ते नाव पीटर स्कीन ऑग्डेन या कातडीच्या व्यापाऱ्यावरून पडले. ते शहर युनियन पॅसिफिकचे मोठे जंक्शन असल्यामुळे हा गोंधळ नेहमी होतो.

गुलामगिरीविषयी त्यांची भूमिका काय होती?

गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू नये या मुद्द्यावर ते डेमोक्रॅटिक पक्षापासून दूर गेले आणि १८६० मध्ये रिपब्लिकन म्हणून इलिनॉयच्या सिनेटवर निवडून आले. तथापि लिंकन यांची गुलामांच्या मुक्तीची घोषणा त्यांना अवेळी वाटली. या मतभेदावरून त्यांनी पक्ष सोडला आणि राजकारणही सोडले. प्रसार रोखणे आणि अंत करणे यांतील अंतर त्या काळातील पुष्कळ सधन उत्तरेकडील व्यापाऱ्यांना ओलांडता आले नाही; ऑग्डेन त्यांतलेच एक होते. १८६६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कजवळ, हार्लेम नदीच्या काठच्या उंच भागावर ‘बॉस्कोबेल’ नावाची वाडी विकत घेतली आणि हळूहळू मुक्काम तिकडे हलवला.

१८७१ च्या आगीत त्यांचे काय नुकसान झाले?

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शिकागोला आग लागली. सुमारे ३०० माणसे मेली, सुमारे एक लाख बेघर झाली आणि नदीच्या उत्तरेचा भाग, जो ऑग्डेन यांनी पस्तीस वर्षांपूर्वी चिखलातून आखून काढला होता, जवळजवळ संपूर्ण जळाला. ते त्या वेळी न्यूयॉर्कला होते. तारेने बातमी कळताच ते निघाले आणि १० तारखेला पोहोचले. जॉन व्हॅन ऑस्डेल या वास्तुकाराला न्यूयॉर्कहून आणवून बांधलेले त्यांचे घर नाहीसे झाले होते. आश्चर्य म्हणजे भाऊ माहलन ऑग्डेन यांचे लाकडी घर तेवढे भोवतालच्या राखेत उभे होते.

दुसरी बातमी नंतर आली, कारण तिकडच्या तारा जळाल्या होत्या. विस्कॉन्सिनमधील पेश्टिगो या गावी ऑग्डेन यांची लाकडाची गिरणी आणि बादल्या, टब, झाडूचे दांडे बनवणारा प्रचंड कारखाना होता. गाव जवळपास त्यांच्याच कंपनीवर जगत होते. शिकागो जळत असतानाच, त्याच रात्री, कोरड्या जंगलातून आलेल्या वणव्याने पेश्टिगो तासाभरात पुसून टाकले. गाव आणि भोवतालचा मुलूख मिळून किमान १,२०० माणसे मेली. काही अंदाज याच्या दुपटीपर्यंत जातात. अमेरिकेच्या इतिहासात याहून अधिक बळी घेणारा वणवा झालेला नाही, आणि तरी शिकागोच्या आगीच्या झोतात तो झाकोळून गेला. राज्याचे गव्हर्नर फेअरचाइल्ड शिकागोला मदत घेऊन गेले होते, तेव्हा त्यांच्या तरुण पत्नी फ्रान्सिस यांनी शिकागोकडे निघालेला मदतीचा एक डबा स्वतःच्या जबाबदारीवर पेश्टिगोकडे वळवला.

या वणव्याला कारण झालेल्या अनेक लहान आगींपैकी काही रेल्वेमार्गासाठी जंगल साफ करणाऱ्या मजुरांनी पेटवलेल्या होत्या, आणि तो मार्ग शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नचा होता. ऑग्डेन यांनी तीन वर्षांपूर्वी त्या कंपनीचे अध्यक्षपद सोडले होते, तरी ती त्यांनीच वाढवलेली होती. दुष्काळी उन्हाळा, तोडलेल्या फांद्यांचे ढीग आणि लाकडाच्या भुशाने भरलेले रस्ते यांनी बाकीचे केले. सहासष्ट वर्षांचे ऑग्डेन तेथे गेले, जवळच तळ ठोकून राहिले आणि आपले भागीदार आयझॅक स्टीफन्सन यांच्यासह पुनर्बांधणीवर देखरेख करू लागले. गाव पुन्हा वसले. लाकडी भांड्यांचा कारखाना मात्र पुन्हा उभा राहिला नाही.

त्यांनी लग्न केव्हा केले आणि मृत्यू कोठे झाला?

१८७५ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी एल्मायरा येथील मारियाना आर्नॉट यांच्याशी विवाह केला. त्यांना अपत्य नव्हते. ३ ऑगस्ट १८७७ रोजी बॉस्कोबेल येथे त्यांचे निधन झाले आणि न्यूयॉर्कच्या वुडलॉन स्मशानभूमीत दफन झाले.

जमिनीतून त्यांनी किती पैसा मिळवला?

त्यांनी स्वतः दिलेली उदाहरणे प्रसिद्ध आहेत. १८४५ मध्ये १५,००० डॉलरना घेतलेली मालमत्ता वीस वर्षांनी एक कोटी डॉलरची झाली, आणि १८४४ मध्ये ८,००० डॉलरना घेतलेली जमीन आठ वर्षांत ३० लाखांना गेली, असे ते सांगत. जमिनीचा व्यापारी आपले फसलेले सौदे सांगत नसतो, हे ध्यानात ठेवून हे आकडे वाचावेत. १८५७ च्या मंदीत रेल्वेच्या हुंड्यांवर जामीन राहिल्यामुळे ते पुन्हा एकदा बुडण्याच्या बेतात आले होते. तरीही भाव चढण्याचे मूळ कारण निर्विवाद आहे: १८४० मध्ये ४,४७० असलेली शिकागोची लोकसंख्या १८७० मध्ये २,९८,९७७ झाली होती.

आज त्यांच्या खुणा कोठे दिसतात?

शिकागोत नैर्ऋत्येकडे तिरकी जाणारी ऑग्डेन ॲव्हेन्यू ही त्यांच्या नावाची. ती जुन्या पायवाटेवर टाकलेल्या फळ्यांच्या रस्त्यातून झाली आणि पुढे ‘रूट ६६’ या विख्यात महामार्गाचा भाग बनली. नदीच्या मुखाजवळची ऑग्डेन स्लिप ही गोदीची खाडी अजून आहे. तिच्याभोवती आता गोदामांऐवजी उंच निवासी इमारती आहेत. वॉल्टन स्ट्रीट हे नाव त्यांच्या जन्मगावावरून आले, आणि आगीतून वाचलेल्या माहलन यांच्या घराच्या जागी याच रस्त्यावर आज न्यूबेरी ग्रंथालय उभे आहे. त्यांच्या मृत्युपत्रातील निधीतून शिकागो विद्यापीठात ‘ऑग्डेन ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सायन्स’ निघाले. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉन्क्स भागातही एक ऑग्डेन ॲव्हेन्यू आहे. आणि ते जुन्या बाजारातले ‘पायोनियर’ इंजिन शिकागो इतिहास संग्रहालयात ठेवलेले आहे. आजच्या इंजिनांच्या मानाने ते इतके छोटे आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याला खेळण्यातले वाटावे.